मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये हीटर आणि थेंबाची जागा ओळखणारा सेन्सर एकत्र कसे बसवतात?

पावसाळ्यात बसस्टॉपवर उभं राहून फोन वापरला असेल, तर हा अनुभव तुम्हाला नक्की आला असेल. स्क्रीनवर दोन-चार थेंब पडतात आणि फोन वेड्यासारखा वागायला लागतो. बोट न लावता ॲप उघडतं, टाइप न करता अक्षरं उमटतात. याचं कारण सोपं आहे. टचस्क्रीनला बोट दिसत नाही. तिला कळतो तो फक्त विद्युतधारकतेतला, म्हणजे कपॅसिटन्समधला बदल. हा बदल बोटामुळे होतो, तसाच पाण्याच्या थेंबामुळेही होतो.

फोनसाठी ही डोकेदुखी आहे. पण प्रयोगशाळेतल्या एका प्रकारच्या चिपला नेमकी हीच गोष्ट हवी असते. या चिपवर रक्ताचे, रसायनांचे किंवा डीएनएचे थेंब विजेच्या जोरावर इकडून तिकडे फिरतात आणि 'थेंब आत्ता कुठे आहे' हे चिप कपॅसिटन्सवरून ओळखते. शिवाय तीच चिप त्या थेंबाला ९५ अंश सेल्सिअसपर्यंत गरमही करते. ही दोन कामं वेगवेगळी करणं फारसं अवघड नाही. एकाच चिपवर दोन्ही करायला गेलं, की ती एकमेकांच्या पायात पाय घालतात. असं का होतं आणि त्यावर उपाय काय, हे या लेखात समजून घेऊया.

## मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणजे काय?

अगदी थोडा द्रव हाताळणारी छोटी चिप म्हणजे मायक्रोफ्लुइडिक चिप. इथला हिशोब मायक्रोलीटरमध्ये चालतो. एक मायक्रोलीटर म्हणजे मिलीलीटरचा हजारावा भाग. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब साधारण ५० मायक्रोलीटरचा असतो. चिपवरचा थेंब बऱ्याचदा १ मायक्रोलीटरच्या आसपास असतो.

अशा चिपचे दोन मोठे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात केसासारख्या बारीक नळ्या कोरलेल्या असतात आणि त्यातून द्रव वाहतो. दुसऱ्या प्रकारात नळ्या नसतात. तिथे बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोनी इलेक्ट्रोड असतात आणि थेंब या घरातून त्या घरात सरकतो. या दुसऱ्या प्रकाराला डिजिटल मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. आपण याच प्रकाराबद्दल बोलणार आहोत, कारण थेंब फिरता असला की 'तो कुठे आहे' हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होतो.

## थेंब विजेवर चालतो कसा?

अळूच्या पानावर पाणी टाकून बघा. थेंब पसरत नाही, मोत्यासारखा गोल राहतो. चिपचा पृष्ठभागही असाच असतो. त्यावर टेफ्लॉनसारखा पाण्याला न चिकटणारा थर दिलेला असतो. त्याखाली काही मायक्रोमीटर जाडीचा विद्युतरोधक थर असतो आणि त्याच्याही खाली धातूचे इलेक्ट्रोड असतात.

एखाद्या इलेक्ट्रोडला व्होल्टेज दिलं, की त्याच्या वरचा थेंबाचा भाग पृष्ठभागावर पसरायला बघतो. यालाच इलेक्ट्रोवेटिंग म्हणतात. थेंबाची एक कड व्होल्टेज असलेल्या पॅडवर असेल, तर अख्खा थेंब तिकडे ओढला जातो. मग तो पॅड बंद करायचा आणि पुढचा सुरू करायचा. अशा रीतीने थेंब एकेक घर पुढे जातो. यासाठी चिपच्या रचनेनुसार काही दशकांपासून ३०० व्होल्टपर्यंत व्होल्टेज लागतं, पण प्रवाह अगदी कमी असतो.

कल्पना जुनी आहे. वीज आणि द्रवाचा पृष्ठताण यांचं नातं गाब्रिएल लिपमन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७५ मध्ये दाखवलं होतं. मध्ये पातळ विद्युतरोधक थर घालण्याची युक्ती १९९० च्या दशकात ब्रुनो बर्ज यांनी मांडली. पुढे २००० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने इलेक्ट्रोडच्या ओळीवर थेंब फिरवून दाखवले आणि या क्षेत्राला वेग आला.

## थेंब कुठे आहे हे चिपला कसं कळतं?

इथे थोडं गणित करूया. एक पॅड २ मिलीमीटर बाय २ मिलीमीटरचा आहे असं धरा. वर आणखी एक काच आहे आणि दोन्ही पृष्ठभागांमध्ये ०.२ मिलीमीटरची फट आहे. या फटीत पॅड भरेल एवढा थेंब म्हणजे ०.८ मायक्रोलीटर द्रव.

- पॅडवर थेंब नसेल, तर मध्ये फक्त हवा असते. कपॅसिटन्स सुमारे ०.२ पिकोफॅरड.
- पॅडवर मीठ असलेला पाणीदार थेंब असेल, तर तो वाहकासारखा वागतो आणि मध्ये उरतो तो फक्त पातळ विद्युतरोधक थर. हा थर ५ मायक्रोमीटर पॅरिलीनचा असेल, तर कपॅसिटन्स सुमारे २२ पिकोफॅरड.

म्हणजे फरक शंभर पटींहून जास्त! थेंब अर्ध्या पॅडवर असेल, तर आकडा साधारण निम्मा येतो. त्यामुळे चिपला 'आहे' किंवा 'नाही' एवढंच नाही, तर 'किती आला' हेही कळतं. आकडा किती वेगाने वाढतोय हे पाहिलं, की थेंबाचा वेगही मिळतो.

यासाठी वेगळा सेन्सर लावावा लागत नाही हे लक्षात घ्या. थेंब ओढणारा इलेक्ट्रोडच त्याला 'हात लावून' बघतो. पॅडवर काही हजार हर्ट्झचा सिग्नल द्यायचा आणि किती प्रवाह वाहतो ते मोजायचं, बस्स.

## पण थेंब गरम कशाला करायचा?

सगळ्यात ओळखीचं उदाहरण पीसीआर. कोविडच्या काळात हे नाव घरोघरी पोचलं. कॅरी म्युलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या या पद्धतीला १९९३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यात नमुना साधारण ९५ अंशांपर्यंत तापवतात, म्हणजे डीएनएच्या दोन साखळ्या सुट्या होतात. मग तो ६० अंशांच्या आसपास थंड करतात, म्हणजे प्राइमर जागेवर बसतात आणि नवी प्रत तयार होते. बऱ्याच पद्धतींत प्रत वाढवण्यासाठी मध्ये ७२ अंशांचा टप्पाही असतो. प्रत्येक चक्रात डीएनएच्या प्रती जवळजवळ दुप्पट होतात.

मोठ्या यंत्रात यासाठी धातूचा अख्खा ठोकळा तापवून परत थंड करावा लागतो. चिपवर काम हलकं होतं. ०.८ मायक्रोलीटर पाणी ६० वरून ९५ अंशांवर न्यायला फक्त ०.१२ जूल ऊर्जा लागते. मात्र थेंब ज्या काचेवर बसलाय, तीही तापते. मायक्रोस्कोपखाली ठेवतात तेवढी १ मिलीमीटर जाडीची काचपट्टी तेवढीच तापवायला सुमारे १३० जूल लागतात. म्हणजे थेंबाच्या हजार पट! म्हणूनच चांगल्या डिझाइनमध्ये सगळी चिप न तापवता फक्त थेंबाखालची छोटी जागा तापवतात.

## खरा मुद्दा: इथे जागा म्हणजेच तापमान

डिजिटल चिपवर आणखी एक सोय आहे. हीटर सारखा वर-खाली करण्यापेक्षा एक कोपरा कायम ९५ अंशांवर ठेवायचा, दुसरा कायम ६० वर, आणि थेंबालाच दोघांमध्ये फेऱ्या मारायला लावायच्या. काच तापण्याची आणि थंड होण्याची वाट बघावी लागत नाही.

पण मग थेंबाचं तापमान ठरवतो कोण? त्याची जागा! आणि गडबड इथेच होऊ शकते.

समजा पृष्ठभागावर प्रथिनं चिकटली आणि थेंब ६० अंशांच्या पॅडवर अडकला. सॉफ्टवेअरने 'पुढे जा' असा आदेश दिला, दहा सेकंद थांबलं, 'परत ये' म्हटलं आणि एक चक्र झालं असं मोजलं. हीटर बरोबर आहे, तापमानाचा सेन्सरही ९५ दाखवतोय. फक्त त्या ९५ अंशांच्या जागी थेंबच नाही.

याची किंमत किती? ३० चक्रं पूर्ण झाली, तर आदर्श परिस्थितीत एका डीएनए तुकड्याच्या सुमारे १०७ कोटी प्रती होतात. त्यातली १० चक्रं अशी वाया गेली, तर उरतात सुमारे साडेदहा लाख. हजार पट कमी. यंत्राला एवढा मंद सिग्नल दिसणारच नाही आणि रिपोर्टवर छापून येईल 'निगेटिव्ह'. ज्याला खरंच संसर्ग आहे, तो माणूस निर्धास्त होऊन घरी जाईल.

म्हणून नियम असा: फिरत्या थेंबाच्या चिपमध्ये हीटरला डोळे हवेत. घड्याळ आदेश दिल्यापासून नाही, थेंब पोचल्यापासून सुरू व्हायला हवं.

## दोघांचं पटत का नाही?

मग प्रत्येक पॅडखाली हीटर लावला आणि वर कपॅसिटन्स मोजला, की झालं? तसं नाही. उष्णता आणि मोजमाप एकमेकांना पाच प्रकारे त्रास देतात.

१. हीटर स्वतःच कपॅसिटन्स वाढवतो. हीटर म्हणजे तांब्याचा पट्टा. तो इलेक्ट्रोडच्या खाली ०.२ मिलीमीटर अंतरावर असेल आणि मध्ये नेहमीच्या सर्किट बोर्डचा एफआर-४ हा पदार्थ असेल, तर २ बाय २ मिलीमीटरच्या पॅडला सुमारे ०.८ पिकोफॅरडची कायमची जोड मिळते. रिकाम्या पॅडचा खरा आकडा ०.२ होता, म्हणजे ही जोड त्याच्या चौपट झाली. ती स्थिर असती, तर वजा करून टाकता आली असती. पण बोर्ड तापला की ती बदलते.

२. हीटरचा गोंगाट. हीटरमधून अर्धा अँपिअर प्रवाह जात असेल आणि तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असेल, तर शेजारी जे मोजायचंय ते किती लहान आहे बघा. ३.३ व्होल्ट आणि १० किलोहर्ट्झच्या सिग्नलवर भरलेल्या पॅडचा प्रवाह साडेचार-पाच मायक्रोअँपिअर असतो. म्हणजे हीटरचा प्रवाह त्याच्या एक लाख पट. वरातीच्या डीजेशेजारी उभं राहून कुजबुज ऐकण्यासारखं हे काम आहे.

३. थेंब वाफ होऊन आटतो. ९५ अंशांवर उघडा ठेवलेला एवढासा थेंब बघता बघता लहान होतो. पाणी गेलं की उरलेल्या द्रवात मीठ आणि एन्झाइमचं प्रमाण वाढतं, आणि रासायनिक क्रिया बिघडते.

४. बुडबुडे येतात. चहाचं पाणी उकळायच्या आधी भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसतात ना? पाण्यात विरघळलेली हवा उष्णतेने बाहेर पडते. चिपवर असा बुडबुडा पॅडवर बसला, की थेंब जागेवर असूनही कपॅसिटन्स कमी दिसतो.

५. पाणी स्वतः बदलतं. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २० अंशांना सुमारे ८० असतो, तो ९५ अंशांना ५७ च्या आसपास येतो. पृष्ठताणही कमी होतो. त्यामुळे गरम थेंबाची हालचाल थंड थेंबासारखी राहत नाही.

## उपाय: एकत्र डिझाइन कसं करतात?

या सगळ्यावर उपाय आहेत. मात्र ते चिप तयार झाल्यावर वरून चिकटवता येत नाहीत. पहिल्या कागदी आराखड्यातच दोघांचा विचार एकत्र करावा लागतो.

वेळ वाटून घ्या. तापणं ही संथ गोष्ट आहे आणि मोजणं चटकन होतं. समजा १०० मिलिसेकंदांचं एक चक्र ठरवलं. त्यात ९५ मिलिसेकंद हीटर चालवा, ५ मिलिसेकंद पूर्ण बंद ठेवा आणि त्या शांततेत मोजमाप उरका. १० किलोहर्ट्झच्या सिग्नलच्या ५० लहरी त्या ५ मिलिसेकंदांत मावतात. एवढ्या कमी वेळात काचेचं तापमान जाणवेल इतकं उतरत नाही.

योग्य फ्रीक्वेन्सी निवडा. पीसीआरचं मिश्रण खारट असतं. १० किलोहर्ट्झसारख्या कमी फ्रीक्वेन्सीवर ते सरळ वाहकासारखं वागतं, म्हणून पाण्याचा स्थिरांक ८० आहे की ५७ याने आकडा फारसा हलत नाही. मोजला जातो तो वरचा विद्युतरोधक थर आणि थेंबाने झाकलेलं क्षेत्रफळ. अगदी शुद्ध पाण्याचा थेंब असेल, तर मात्र ही सवलत मिळत नाही. तिथे तापमानानुसार दुरुस्ती करावी लागते.

रिकाम्या पॅडचं वाचन प्रत्येक तापमानाला घ्या. २५ अंशांना घेतलेला शून्य आकडा ९५ अंशांना चालत नाही. थेंब यायच्या आधी पॅड तापवायचा, रिकामा असताना कपॅसिटन्स नोंदवायचा आणि नंतर तो वजा करायचा. वजन काट्यावर आधी रिकामा डबा ठेवून काटा शून्य करतात, तसंच हे.

हीटरला ढाल बनवा. मोजताना हीटरच्या तांब्याला मोकळं सोडण्याऐवजी इलेक्ट्रोडचाच सिग्नल द्यायचा. दोघांमध्ये व्होल्टेजचा फरकच उरला नाही, तर प्रवाह वाहणार कुठून? मग ती ०.८ पिकोफॅरडची जोड जवळजवळ दिसेनाशी होते. मोजमापाच्या जगात ही युक्ती नेहमी वापरतात.

उष्णतेला कुंपण घाला. ९५ आणि ६० अंशांचे भाग शेजारी असतील, तर मधली जागा उष्णता वाहून नेणारी नको. तांब्यातून उष्णता एफआर-४ पेक्षा हजार पटींहून सहज पळते. म्हणून दोन भागांमधलं जादा तांबं काढून टाकतात, शक्य असेल तिथे बोर्डमध्ये फटही पाडतात. सिलिकॉनवर चिप बनवली, तर एका भागातलं तापमान एकसारखं राहतं, पण शेजारचा भागही तापतो. काचेवर याच्या उलट होतं.

तेल भरा किंवा पाणी पुरवा. फटीत सिलिकॉन तेल भरलं, की बाष्पीभवन खूप कमी होतं आणि थेंब सरकतोही सहज. तेल नको असेल, तर कपॅसिटन्सवर लक्ष ठेवून पाण्याचा छोटा थेंब आणून मिसळता येतो. दोन काचांमधली फट ठरलेली असते, त्यामुळे थेंबाचं क्षेत्रफळ १० टक्के कमी झालं म्हणजे पाणीही साधारण १० टक्के गेलं. इथे मोजमाप उलट हीटरच्या मदतीला येतं.

आकडा कसा पडतो ते बघा. हळूहळू उतरत असेल, तर थेंब आटतोय. एकदम खाली आला, तर बुडबुडा असण्याची शक्यता जास्त. एका पॅडचा आकडा घटला आणि शेजारच्याचा वाढला, तर थेंब सरकला. नेहमीपेक्षा भलताच जास्त प्रवाह वाहत असेल, तर विद्युतरोधक थराला छिद्र पडलंय. प्रत्येक वेळी प्रतिक्रिया वेगळी हवी. सगळ्यासाठी एकच 'एरर' दाखवून चालत नाही.

थेंब नाही, तर ताप नाही. शेवटचं कुलूप हे. पॅडवर थेंब असल्याची खात्री झाल्याशिवाय वेळ मोजायची नाही आणि थेंब हरवला तर चाचणीचा निकालच द्यायचा नाही. 'चाचणी अपूर्ण, पुन्हा करा' हा निकाल चुकीच्या निगेटिव्हपेक्षा कितीतरी बरा.

## एकाच धातूची तीन कामं

आणखी पुढे जाऊन एक हुशारी करता येते. धातूचा रोध तापमानाबरोबर वाढतो. तांब्यात ही वाढ दर अंशाला साधारण ०.३९ टक्के असते. २५ अंशांना १० ओहम असलेला तांब्याचा नागमोडी पट्टा ९५ अंशांना सुमारे १२.७ ओहम होतो. म्हणजे तोच पट्टा हीटर आणि तोच थर्मामीटर! व्होल्टेज आणि प्रवाह मोजा, भागाकार करा, तापमान मिळालं.

हाच पट्टा इलेक्ट्रोड म्हणूनही वापरता येतो. त्याच्या दोन टोकांमध्ये थोडं व्होल्टेज दिलं, तर तो तापतो. दोन्ही टोकं मिळून वरच्या काचेच्या तुलनेत जास्त व्होल्टेजवर नेली, तर तो थेंब ओढतो. आणि छोटा सिग्नल दिला, तर थेंबाची जागा सांगतो.

यात एक मेख मात्र आहे. पट्ट्याचं तापमान म्हणजे थेंबाचं तापमान नव्हे. मध्ये विद्युतरोधक थर आहे, वरची काच उष्णता ओढून घेते, आणि थेंबाचा वरचा भाग खालच्यापेक्षा थंड असू शकतो. म्हणून सुरुवातीला तापमानानुसार चमक बदलणारा रंग थेंबात टाकून खरं तापमान तपासतात आणि त्यावरून दुरुस्तीचा तक्ता बनवतात.

## प्रत्यक्षात कुठे वापरलंय?

- कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस: पेट स्कॅनसाठी लागणारी किरणोत्सारी रसायनं डिजिटल चिपवर तयार करण्याचं काम इथल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांच्या चिपवर थेंबाखाली एकात एक वर्तुळाकार हीटर होते. कडेला उष्णता जास्त निसटते, म्हणून बाहेरचं आणि आतलं वर्तुळ वेगवेगळं सांभाळावं लागतं.
- शार्प कंपनीची युरोपातली प्रयोगशाळा: २०१२ मध्येच यांनी ६४ बाय ६४, म्हणजे ४०९६ पॅडची चिप मांडली. प्रत्येक पॅडच्या खाली थेंब ओळखणारं स्वतःचं सर्किट. यासाठी वापरलेलं टीएफटी तंत्र फोन आणि टीव्हीच्या एलसीडी स्क्रीनमध्ये असतं तेच.
- टोरंटो विद्यापीठाचा ड्रॉपबॉट: २०१३ मध्ये मांडलेली ही ओपन सोर्स यंत्रणा थेंबाचा वेग चालता चालता मोजते. याच गटाची चिप केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीत गोवर आणि रुबेलाविरुद्धची प्रतिकारशक्ती तपासायला वापरली गेली. ते काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं.
- गोव्यातलं ट्रूनॅट: मोलबायो डायग्नोस्टिक्सची ही क्षयरोगाची चाचणी बॅटरीवर चालते आणि चिपवरच पीसीआर करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या चाचणीला मान्यता दिली. इथे थेंब पिपेटने चिपवर ठेवतात आणि तो तिथेच राहतो. म्हणून जागा शोधण्याचा प्रश्नच येत नाही. डिझाइन सोपं करण्याचा हाही एक मार्ग आहे: थेंब फिरवायची गरज नसेल, तर फिरवूच नका.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्या फोनच्या स्क्रीनवर थेंब फिरवता येतील का?
नाही. चिपवरचा विद्युतरोधक थर ५ मायक्रोमीटरच्या आसपास असतो. फोनची वरची काच अर्धा मिलीमीटर धरली, तरी ती त्याच्या शंभर पट जाड झाली. शिवाय टचस्क्रीनचे सिग्नल थेंब ओढायला फार कमजोर असतात. स्क्रीनला थेंब जाणवतो, पण हलवता येत नाही.

कपॅसिटन्सपेक्षा कॅमेरा लावला तर?
लावतात, विशेषतः प्रयोग चालू असताना. पण गरम चिपवर वरच्या काचेला दव जमतं आणि चित्र धूसर होतं. चमकणाऱ्या रंगाची चाचणी अंधारात करावी लागते. कपॅसिटन्सला उजेडही लागत नाही आणि जादा भागही.

थर्मल कॅमेऱ्याने थेंबाचं तापमान मोजता येईल?
काचेखालच्या थेंबाचं नाही. थर्मल कॅमेरा ज्या लांब तरंगलांबीच्या अवरक्त किरणांवर चालतो, ती काचेतून आरपार जात नाहीत. तुम्हाला वरच्या काचेचं तापमान दिसेल.

हे घरी किंवा कॉलेजमध्ये करून बघता येईल?
ओपनड्रॉप नावाचा ओपन हार्डवेअर प्रकल्प आहे. त्याचे आराखडे सगळ्यांसाठी खुले आहेत. इंजिनीअरिंगचे विद्यार्थी कॉलेजच्या लॅबमध्ये मार्गदर्शकासोबत करू शकतात. मात्र यात शेकडो व्होल्ट असतात, त्यामुळे चालू सर्किटला हात नको. सुरुवात मिठाच्या पाण्याने करा. रक्ताचे किंवा रुग्णांचे नमुने अजिबात वापरू नका.

सर्वात आधी काय शिकू?
एक पॅड, एक थेंब आणि कपॅसिटन्सचं वाचन. थंड असताना आलेख स्थिर आला, की मग हीटर जोडा आणि आलेख कसा हलतो ते बघा. हीटर बंद-चालू केल्यावर आकडा उडी मारत असेल, तर तो गोंगाट. हळू सरकत असेल, तर तो तापमानाचा परिणाम. हे दोन वेगळे ओळखता आले, की अर्धं काम झालं.

## थोडक्यात

- डिजिटल मायक्रोफ्लुइडिक चिपवर थेंबाची जागा बदलली, की त्याचं तापमान बदलतं. म्हणून जागा न कळता गरम करणं म्हणजे अंदाजपंचे काम.
- थेंब ओढणारा इलेक्ट्रोडच कपॅसिटन्सवरून त्याची जागा सांगतो. भरलेल्या आणि रिकाम्या पॅडमध्ये शंभर पटींचा फरक येऊ शकतो.
- हीटर या मोजमापात गोंगाट, जादा कपॅसिटन्स, बाष्पीभवन आणि बुडबुडे घेऊन येतो.
- वेळेची वाटणी, योग्य फ्रीक्वेन्सी, प्रत्येक तापमानाचा वेगळा शून्य आकडा आणि ढाल, या चार गोष्टींनी बहुतेक त्रास आटोक्यात येतो.
- थेंब पोचल्याची खात्री झाल्यावरच चक्र मोजायचं. खात्री नसेल, तर निकाल द्यायचा नाही.